हात चुकणारच, हे मान्य करणारा अभियंता

टीव्हीवर गोल्फ लागले की आपले लक्ष जाते ते दोन-अडीचशे मीटर लांब जाणाऱ्या फटक्याकडे. खेळाडूंची झोप उडवतो तो मात्र शेवटचा, दोन-तीन मीटरांचा. बारीक कापलेल्या हिरवळीवर चेंडू असतो, समोर १०८ मिलिमीटर व्यासाचा खळगा असतो आणि चेंडू हलकेच ढकलून त्यात घालायचा असतो. या कामाच्या काठीला ‘पटर’ म्हणतात. इथे ताकद लागत नाही, धावावे लागत नाही, चेंडू अडवायला समोर कोणी उभे नसते. तरीही जगातले उत्तमोत्तम खेळाडू इथे चुकतात. १८ खळग्यांच्या आणि ७२ फटक्यांच्या मैदानावर प्रत्येक खळग्यामागे दोन, असे ३६ फटके या ढकलण्यासाठीच गृहीत धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ इथेच होतो.

चूक किती लहान असते, ते पाहा. तीन मीटरवरून चेंडूची दिशा फक्त एक अंशाने चुकली, तर खळग्यापाशी पोहोचेपर्यंत तो मध्यापासून सुमारे ५.२ सेंटिमीटर बाजूला सरकतो. खळग्याची त्रिज्या ५.४ सेंटिमीटर. म्हणजे चेंडू थेट काठावर! घड्याळाचा सेकंदकाटा एका सेकंदात सहा अंश सरकतो. त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकी चूक झाली की निम्मा खेळ हातातून निसटू लागतो.

माणसाचा हात इतका अचूक असतो का? वैद्यकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे : नसतो. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा प्रत्येक संदेश थोडा वेगळा असतो. तीच व्यक्ती तीच सही दहा वेळा करते, तरी दहाही सह्या तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला साधारण ८ ते १२ आवर्तनांची सूक्ष्म थरथर असतेच. ती एरवी डोळ्यांना दिसत नाही. भीती, थकवा, जास्त कॉफी यांनी ती वाढते. सरावाने हाताची चूक कमी होते, पण शून्य होत नाही.

ही गोष्ट मान्य करून त्यावर उपाय शोधणारा माणूस गोल्फचा खेळाडू नव्हता. तो यंत्र अभियंता होता आणि त्याने गोल्फची काठी पहिल्यांदा हातात धरली तेव्हा चाळिशी उलटली होती. त्याचे नाव कार्स्टन सोलहाइम.

सोलहाइम यांचा जन्म १५ सप्टेंबर १९११ रोजी नॉर्वेमधील बर्गन या बंदराच्या गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले आणि वायव्येकडील सिएटल शहरात राहू लागले. वडील चांभारकाम करत. शाळा संपवून कार्स्टन यांनी १९३१मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, पण ते महामंदीचे दिवस होते. वर्षभरातच पैसे संपले आणि शिक्षण सुटले. त्यांनी वडिलांबरोबर जोडे दुरुस्त केले, पुढे घरोघरी जाऊन स्वयंपाकाची भांडी विकली. जोडे दुरुस्त करणाऱ्याला एक गोष्ट पुस्तकाशिवाय कळते. प्रत्येकाची टाच वेगळ्या बाजूने झिजते. पुढे त्यांनी केलेल्या कामाकडे पाहिले की हे दुकानही त्यांची एक शाळाच होती असे वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अभियंत्यांची गरज वाढली. सोलहाइम यांनी विद्यापीठाचे बाह्य अभ्यासक्रम करून अर्धवट राहिलेले शिक्षण पुढे नेले आणि रायन एरोनॉटिकल या विमान कंपनीत ते काम करू लागले. नंतर कॉनव्हेअर या कंपनीत क्षेपणास्त्रांच्या प्रकल्पावर आणि मग जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी काम केले. टीव्हीवर ठेवायचा सशाच्या कानांसारखा दोन दांड्यांचा अँटेना अनेकांना आठवत असेल. त्या प्रकारच्या अँटेनाच्या रचनेवरही त्यांनी काम केले होते. विमान असो की क्षेपणास्त्र, वजन कुठे आहे यावर सगळे अवलंबून असते. एकूण वजन तेच ठेवून ते जरा मागेपुढे केले तरी विमानाचा स्वभाव बदलतो. हा विचार त्यांच्या अंगवळणी पडला होता.

न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे नोकरीला असताना, वयाच्या ४२व्या वर्षी, सहकाऱ्यांच्या आग्रहाने ते गोल्फ खेळू लागले. लांब फटके जमू लागले, पण हिरवळीवर आले की गाडी अडायची. बहुतेक लोक अशा वेळी स्वतःला दोष देतात किंवा आणखी सराव करतात. सोलहाइम यांनी हातातल्या काठीकडे पाहिले.

त्या काळचा नेहमीचा पटर म्हणजे धातूची एक सपाट पट्टी आणि तिच्या एका टोकाला बसवलेला दांडा. पट्टीच्या बरोबर मध्यावर चेंडू लागला तर ठीक. थोडा जरी टोकाकडे लागला, तरी पट्टी हातात पिळवटल्यासारखी वळायची. क्रिकेट खेळलेल्या कोणालाही हे सांगायला नको. चेंडू बॅटच्या मध्याऐवजी कडेजवळ लागला की बॅट मुठीत फिरते आणि फटक्यातला जीव जातो. पटरच्या बाबतीत परिणाम दुहेरी असतो. पट्टी वळल्याने दिशा बिघडते आणि वळण्यात ऊर्जा गेल्याने चेंडू खळग्याच्या अलीकडेच थांबतो.

सोलहाइम यांचा उपाय आपल्याला कावडीवरून चांगला समजेल. दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी असलेली कावड खांद्यावर असताना गर्रकन वळता येत नाही. तेवढेच वजन दांड्याच्या मध्यावर बांधले, तर ती सहज फिरते. वजन तेच, पण मध्यापासून जितके दूर, तितका फिरण्याला विरोध जास्त. पदार्थविज्ञानात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. हा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे अंतर दुप्पट तर विरोध चौपट. एकसारख्या जाडीच्या पट्टीतले सगळे वजन काढून दोन टोकांवर ठेवले, असे गणितापुरते मानले, तर वजन न वाढवता हा विरोध तिप्पट होतो. दोरीवर चालणारा डोंबारी हातात लांब बांबू आडवा धरतो तोही याच कारणाने. बांबू त्याला पडू देत नाही असे नव्हे, पण तोल सावकाश जातो आणि सावरायला वेळ मिळतो.

सोलहाइम यांनी आधी आइस्क्रीमच्या काड्या आणि साखरेचे चौकोनी खडे जोडून या कल्पनेचा नमुना केला. मध्ये काड्या आणि दोन टोकांना खडे, अशी ती एक छोटी कावडच होती. तोवर त्यांची बदली कॅलिफोर्नियात झाली होती. तिथे रेडवूड सिटी या गावी, घराच्या गॅरेजमध्ये, १९५९मध्ये त्यांनी पहिला पटर तयार केला. वजन दोन्ही टोकांकडे नेलेले आणि दांडा टोकाऐवजी मध्यावर बसवलेला. पोकळ खाचांमुळे चेंडू लागला की त्यातून ‘पिंग’ असा आवाज यायचा. तेच त्याचे नाव झाले आणि पुढे कंपनीचेही.

१९६१मध्ये नोकरीनिमित्त हे कुटुंब अॅरिझोना राज्यातील फीनिक्स शहरात आले. दिवसा कंपनीचे काम आणि रात्री गॅरेजमध्ये पटर, असा क्रम सुरू राहिला. पत्नी लुईस हिशेब आणि पत्रव्यवहार पाहायच्या, मुले हाताखाली काम करायची. सोलहाइम स्पर्धांच्या ठिकाणी जाऊन सरावाच्या हिरवळीवर व्यावसायिक खेळाडूंना आपला पटर दाखवत. त्याचे विचित्र रूप आणि आवाज पाहून अनेक जण हसले. १९६२मध्ये जॉन बार्नम या खेळाडूने या पटरने व्यावसायिक स्पर्धा जिंकली, तेव्हा हसू थोडे कमी झाले.

पहिल्या पटरमध्ये त्रुटी होत्याच. त्यावर विचार सुरू असताना जानेवारी १९६६मध्ये त्यांना एक रचना सुचली आणि हाताशी दुसरा कागद नसल्याने त्यांनी ती ग्रामोफोन तबकडीच्या वेष्टनावर काढून ठेवली. टाच आणि बोट, म्हणजे पट्टीची दोन्ही टोके, जड. मधला भाग हलका. आणि दांडा पट्टीला जिथे मिळतो तिथे नळाच्या जोडासारखी वळणदार मान, त्यामुळे खेळाडूचे हात चेंडूच्या किंचित पुढे राहतात. याला ‘उत्तर’ अशा अर्थाचे ‘अॅन्सर’ हे नाव लुईस यांनी सुचवले. मात्र लहानशा पटरवर शब्द मावेना, तेव्हा इंग्रजी स्पेलिंगमधले ‘डब्ल्यू’ हे अक्षर गाळण्याची युक्तीही त्यांचीच. १९६७मध्ये या रचनेला पेटंट मिळाले. त्याच वर्षी ज्युलियस बोरोस यांनी या पटरने फीनिक्समधील स्पर्धा जिंकली. मागणी इतकी वाढली की ५५ वर्षांच्या सोलहाइम यांनी चांगली नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. पेटंटची मुदत संपल्यावर इतर उत्पादकांनी याच आकाराचे पटर काढले. टायगर वूड्स यांनी बहुतेक मोठ्या स्पर्धा ज्या पटरने जिंकल्या, तो दुसऱ्या उत्पादकाचा असला तरी त्याचा आकार याच घराण्यातला आहे.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. टोकांना वजन दिल्याने चुकीचा नेम बरोबर होत नाही. किती जोराने ढकलायचे याचा अंदाजही पटर देत नाही. पट्टीचा चेहरा मुळातच एक अंश वाकडा असेल, तर चेंडू वाकडाच जाणार. जड टोके फक्त एवढेच करतात : चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला, तर त्या चुकीची शिक्षा कमी करतात. दहा फटके दहा जागी लागले, तरी दहा चेंडू एकमेकांच्या जवळ थांबतात. सातत्य म्हणतात ते हेच.

दुसरा प्रश्न तोलाचा. पटरचा दांडा बोटावर आडवा तोलून धरला, तर काही पटरचा चेहरा आकाशाकडे राहतो, तर काहींचे टोक खाली झुकते. पहिला प्रकार झोक्यात कमी फिरतो, म्हणून सरळ मागे-पुढे झोका घेणाऱ्यांना तो सोयीचा मानतात. दुसरा झोक्याबरोबर उघडतो आणि मिटतो, म्हणून किंचित कमानीत झोका घेणाऱ्यांना तो जुळतो. सर्वांसाठी एकच उत्तम पटर नाही. कोणाचा हात कसा फिरतो ते पाहून काठी निवडायची असते. सोलहाइम यांनी गोल्फच्या इतर काठ्यांनाही हाच न्याय लावला. खेळाडूची उंची आणि हातांची लांबी मोजून काठीचा कोन ठरवायचा आणि त्यासाठी रंगांच्या ठिपक्यांची खूण वापरायची, ही पद्धत त्यांनी रूढ केली. जोडे दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा शेवटी मापावर आला.

त्यांची वाट सरळ नव्हती. १९८०च्या दशकात त्यांच्या लोकप्रिय लोखंडी काठ्यांवरील खाचांमधले अंतर नियमात बसत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने दिला. फरक अतिसूक्ष्म होता आणि वाद तो मोजायचा कसा यावर होता. सोलहाइम न्यायालयात गेले. अखेर १९९०मध्ये संघटनेशी आणि १९९३मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या संस्थेशी तडजोड झाली. त्याच १९९०मध्ये त्यांच्या कुटुंबाच्या पाठबळावर अमेरिका आणि युरोपच्या महिला व्यावसायिकांमधील ‘सोलहाइम चषक’ सुरू झाला. तो आजही खेळला जातो.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सोलहाइम यांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात झाला. १९९५मध्ये कंपनीची सूत्रे मुलाकडे, जॉन यांच्याकडे गेली. १६ फेब्रुवारी २००० रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, फीनिक्स येथे सोलहाइम यांचे निधन झाले. इतरांच्या हातांतली चूक सोसणारे साधन घडवण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्याला शेवटी हातांवरचा ताबा हळूहळू काढून घेणारा आजार व्हावा, हा योगायोग मनाला लागतो. त्यांचे पटर या आजारासाठी बनलेले नव्हते. पण त्यांच्या कामामागचा विचार मात्र या आजाराच्या रुग्णाला थेट उपयोगी पडणारा आहे.

कंपवातात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हालचाली मंदावतात, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते, चालताना एक हात हलेनासा होतो. कंप असेल तर तो बहुधा एका बाजूने सुरू होतो, हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो आणि सेकंदाला ४ ते ६ आवर्तनांचा असतो. याउलट कप उचलताना, सही करताना, चमचा तोंडाशी नेताना वाढणारा कंप पुष्कळदा वेगळ्या कारणाचा असतो. तो घराण्यात चालत आलेला असू शकतो. थायरॉइडचा विकार, दम्याची काही औषधे, फिटवरील काही औषधे यांनीही हात थरथरतात. म्हणून हात कापतो म्हणजे कंपवातच, असे घरच्या घरी ठरवू नये आणि वय झाले म्हणून दुर्लक्षही करू नये. डॉक्टरांना दाखवताना चालू असलेली सगळी औषधे बरोबर न्यावीत.

गोल्फपटूंमध्ये आणखी एक त्रास दिसतो. वर्षानुवर्षे सहज ढकलणारा हात नेमका चेंडू लागताना झटका देतो. याला ते ‘यिप्स’ म्हणतात. काहींमध्ये याचे मूळ दडपणात असते, तर काहींमध्ये तो विशिष्ट कामापुरता होणारा स्नायूंचा विकार असतो. कारकुनी करणाऱ्यांना होणारा लेखकाचा पेटका त्याच जातीचा. अशा वेळी हात पकडण्याची पद्धत किंवा काठी बदलल्याने काही जणांना आराम मिळतो, जसा पेटका येणाऱ्या काहींना जाड पेनाने मिळतो. काही खेळाडू लांब पटर छातीला किंवा पोटाला टेकवून मनगटाचा झटका टाळत. २०१६पासून नियमांनी ती सोय बंद केली. खेळात सोयीला मर्यादा असणे समजू शकते. आजारपणात मात्र तसा कोणताही नियम नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणारे अनेक वृद्ध काठी वापरायला लाजतात, चमच्याने खायला लाजतात, सांडेल म्हणून चारचौघांत चहा घेणे सोडतात. घरचे लोक जपून धरा, नीट चाला, असे सांगत राहतात. म्हणजे सगळा भार हातावर आणि मनावर. सोलहाइम यांनी केले ते उलटे. त्यांनी हाताची चूक गृहीत धरली आणि ती सोसण्याचे काम साधनाकडे दिले. वैद्यकातही अनेक चांगल्या गोष्टी याच मार्गाने आल्या आहेत. भूल देण्याच्या यंत्राला ऑक्सिजनच्या जागी दुसऱ्या वायूचे सिलिंडर चुकूनही बसू नये म्हणून जोडाच्या खुंट्या वेगवेगळ्या जागी असतात. लसीकरणाची सिरिंज एकदा वापरली की तिचा दट्ट्या आपोआप अडकतो. दमलेली नर्स किंवा डॉक्टर चुकू शकतात, हे तिथे आधीच मान्य केलेले आहे.

घरातही हे करता येते. चालण्याच्या काठीची मूठ, माणूस सरळ उभा राहून हात खाली सोडल्यावर, मनगटाच्या घडीच्या उंचीला यावी. काठी धरल्यावर कोपर थोडे वाकलेले राहावे. वडिलांची किंवा शेजाऱ्यांची जुनी काठी उचलून देऊ नये, माप घ्यावे. तोल जास्त जात असेल तर खाली चार पाय असलेली काठी किंवा वॉकर घ्यावा. पाया रुंद असला की चुकीला वाव मिळतो. जड मुठीचा चमचा किंवा जड कप काम करताना हात कापणाऱ्या काहींना उपयोगी पडतो, पण सर्वांना नाही. ज्यांच्या हातात जोर कमी आहे त्यांना तो उलट दमवतो. म्हणून विकत घेण्याआधी व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे किंवा घरीच थोडे दिवस वापरून पाहावे. कप अर्धाच भरावा, दोन कानांचा असावा. ताटाला उंच कड असावी. ताटाखाली ओले फडके ठेवले तर ते सरकत नाही. बटणांऐवजी चिकटपट्टी लावून घ्यावी. औषधोपचार चालू ठेवूनच हे करायचे आहे, त्यांच्याऐवजी नाही.

पुढच्या वेळी घरातल्या आजोबांच्या हातून चहा सांडला, तर त्यांच्या हाताकडे पाहण्याआधी कपाकडे पाहावे.